आधी मोठीने उचलायची

मंजू, सुमनमावशींचा फोन येऊन गेला आत्ता, चिंचवडहून. आपल्या सासूबाईंची धाकटी बहीण, आपल्या दोघींच्या लग्नांत जिने सगळ्यात जास्त नावं ठेवली तीच. थोडं रडल्या, नाक शिंकरलं, मग म्हणाल्या, "काही म्हण सुनंदा, धाकटी भाग्याची गं. अहेव गेली. नवरा धडधाकट समोर, कपाळी कुंकू. असं जाणं मागून मिळत नाही." मी म्हटलं, "मावशी, दूध उतू जातंय, ठेवते." दूध कुठलं! तू गेल्यापासून मी धड काही शिजवलेलं नाही. तुझ्या शेजारणीने, त्या अ‍ॅनेकाने, डबे भरून दिलेलं सूप आम्ही दोघं रोज गरम करतोय. तेही तुझ्या नावाने आलेलं.

बघ, सुरुवातच अशी. तू जाऊन आठवडा उलटत नाही तोवर मी तुझ्यावर जळतेय. मला वाटलं होतं, एकदा माणूस गेलं की हे आपोआप विझत असेल. कसलं विझतंय! उलट आता तुला ऐकवायची सोय नाही म्हणून आतल्या आत जास्त धुमसतंय. तेव्हा ऐक. तुला सगळं ठाऊक आहे, तरी ऐक. मधे मधे बोलायला तू नाहीस, एवढी तरी सोय झालीय.

पहिली तक्रार कालच्या गर्दीची. स्मशान म्हणायचं तरी कसं त्याला, काचेच्या भिंती, बाहेर तळं, आत रांगेत मांडलेल्या खुर्च्या. त्या खुर्च्या पुरल्या नाहीत. नीउ-व्हेनेपमधली तुझी अख्खी गल्ली काळे कोट घालून वेळेच्या आधी हजर. तुझ्या योगा क्लासच्या बायका, भाजीवाला, लायब्ररीतली ती उंच मुलगी, गणपती मंडळातली सगळी. अ‍ॅनेका तर अशी रडत होती की मला तिच्या पाठीवरून हात फिरवावा लागला. मी, सख्खी मोठी जाऊ, मी तिचं सांत्वन करतेय! आणि मनात काय आलं सांगू? माझ्या वेळी इथे कोण येणार? नवरा म्हणून आमचे अविनाश येतील. चिरंजीवांना रजा मिळाली तर तेही येतील. आणि अविनाशच्या ऑफिसमधले दोघं, जे बाहेर कॉफी पीत मशीनबद्दल बोलत उभे राहतील. झालं.

मग पडद्यावर तुझे फोटो लागले. निळ्या दारापुढे तू, मांजराला कुरवाळताना तू, समुद्राच्या पायऱ्यांवर केस उडालेली तू. सगळा हॉल हुंदके द्यायला लागला. माझ्या शेजारची बाई म्हणाली, "किती मोई," म्हणजे किती सुंदर. ते फोटो कोणी काढले हे एकानेही विचारलं नाही. ग्रीसमधल्या त्या दिवसाचे सगळे फोटो तुझे आहेत, मंजू, कारण ते काढणारी मी आहे. माझा एकच आहे, तू काढलेला, आणि त्यात अर्ध्या चेहऱ्यावर तुझा अंगठा आलाय.

या जळण्याचा उगम शोधायला गेलं तर तो साडीपाशी सापडेल. आईंचा, म्हणजे आपल्या सासूबाईंचा, कायदा होता. सुनांना साड्या घ्यायच्या त्या जोडीने. पोत एक, काठ एक, फक्त रंग वेगळे. आणि उचलताना आधी मोठीने उचलायची. घरात कुरबूर नको म्हणून केलेला कायदा, आणि आपल्या दोघींमधली जन्मभराची कुरबूर नेमकी त्यातून निघाली. पहिल्या जोडीतली मी मरून उचलली, तुझ्या वाट्याला राणी कलर आली. माझी नेसल्यावर खिडकीच्या पडद्यासारखी दिसायला लागली आणि तुला रस्त्यात बायका थांबवून विचारायला लागल्या, कुठे घेतली म्हणून. पुढच्या वेळी हुशारी करून मी भडक उचलली, तर फिकी तुझ्या अंगावर अशी काही खुलली की विचारू नकोस. दर वेळी तेच. मान माझा, साडी तुझी.

नेदरलँड्सला आधी आम्ही आलो, हे तरी कोणी विसरू नये. आइंडहोवनमध्ये आम्ही थंडीत सायकली शिकलो, पडलो, गेमेंटेच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, खिडकीपुढे हातवारे करून कागद मिळवले. मग आमच्या पाठोपाठ तुम्ही. सतीशभावजींना नोकरी लागली हूफडॉर्पजवळ आणि घर मिळालं नीउ-व्हेनेपला, स्किपोल विमानतळाच्या उशाशी. त्यामुळे इंडियाहून येणारा प्रत्येक पाहुणा आधी तुझ्याकडे. ताज्या शंकरपाळ्या तुझ्याकडे, ताज्या बातम्या तुझ्याकडे. आमच्याकडे माणसं पोचायची ती थकलेली, जेट लॅगने पेंगणारी, आणि "मंजूने काय जेवायला घातलं" याची गोष्ट सांगणारी. आणि तुझं ते डच! मी अजून दुकानात बोट दाखवते. तू दोन वर्षांत शेजाऱ्यांशी भांडण्याइतकी तयार झालीस.

पण एक मान्य करते. आई इंडियाहून कोणाबरोबर साड्यांची पिशवी पाठवायच्या, ती तुझ्याकडे उतरायची, आणि तू ती कधी उघडली नाहीस. मी गाड्या बदलत धापा टाकत येईपर्यंत ती तुझ्या सोफ्यावर तशीच, आईंनी मारलेल्या सुतळीच्या गाठीसकट. एकदा माझं गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि कितीतरी दिवस मला यायला जमलं नाही. पिशवी तिथेच. तुझी ईशा लहान होती, गाठीशी खेळायला गेली तर तिला दटावलंस, "अंहं. मोठी काकू आल्याशिवाय नाही." मी आले की चहा टाकायचीस, पिशवी माझ्या मांडीवर ठेवायचीस, साड्या उलगडल्या की एकीवरून हात फिरवून म्हणायचीस, "अगंबाई, ही काय सुरेख आहे वहिनी!" आणि मी झडप घालून तीच उचलायची. तुला आवडलेली तुला का म्हणून मिळू द्यायची? असा माझा स्वभाव. आता काय लपवायचंय.

आईंनी पाठवलेली शेवटची जोडी जांभळी आणि मोरपंखी. तू जांभळीवरून हात फिरवलास. मी जांभळी उचलली. पुढे थोड्याच महिन्यांत आई गेल्या आणि जोड्या यायच्या थांबल्या.

मग ती क्रूझ. सतीशभावजींची पन्नाशी म्हणून आपण चौघं निघालो. इटलीत जहाजावर चढायचं, ग्रीसची बेटं करून परत यायचं. त्या अख्ख्या आठवड्यातला मला एकच दिवस हवाय, कॉर्फूचा. बाकीचे तू ठेव.

सकाळी जहाज धक्क्याला लागलं होतं आणि आपण खिडकीशी नाश्त्याला बसलो होतो. समोर बेट, डोंगर, वर किल्ला. तू पर्समधून मेतकुटाची डबी काढलीस आणि लोणी लावलेल्या टोस्टवर भुरभुरवलीस. मी इकडेतिकडे बघायला लागले, म्हटलं आता कोणीतरी येऊन हटकणार. तर वाढणारा गृहस्थ गोव्याचा निघाला, पिकल्या मिशांचा. वास ओळखून थबकला. तू त्याला टोस्टचा तुकडा दिलास, त्याने डोळे मिटून खाल्ला, आणि त्या दिवसापासून दर जेवणाला तुझ्यापुढे न मागता हिरवी मिरची आणि लिंबाची फोड. मी मागितली तेव्हा केचप आलं.

दोघे भाऊ किल्ला चढायला गेले. आपण दोघी गावात, कमानींच्या सावलीतून, घाई नाही की काही नाही. ऊन कोवळं होतं. तू दर दुकानापाशी थांबायचीस आणि मी फोटो काढायची. एका म्हातारीच्या दुकानात साखरेत मुरवलेली इवली इवली संत्री होती, सालासकट खायची. कुमक्वाट म्हणतात त्यांना, तिथली खासियत. म्हातारीला ग्रीकशिवाय काही येत नव्हतं. तू सरळ मराठीत सुरुवात केलीस, "आजी, घशाला लागणार नाहीत ना?" ती तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली, तू म्हणालीस, "हो ना, आमच्याकडे मोरावळा असतो असाच." तुमचं इतकं व्यवस्थित चाललं होतं की मला वाटायला लागलं, मलाच काही कळत नाहीये. तिने तुझ्या हातावर मूठभर ठेवली आणि तुझा गाल धरला. मला एक दिलं, तेही तू माझ्याकडे बोट दाखवून "जाऊ, माझी मोठी जाऊ" असं ठासून सांगितल्यावर. बाहेर आल्यावर तू तुझ्या मुठीतली अर्धी माझ्या रुमालात ओतलीस. मी म्हटलं, "राहू दे, तुला दिलीयेत." तू म्हणालीस, "घे गं. तुझं तोंड बघ, आंबट संत्र्यासारखं झालंय." ती मी खाल्ली. सगळी खाल्ली.

मग त्या पायऱ्या, थेट समुद्रात उतरणाऱ्या. पाण्यात पाय सोडून बसलो. पाणी इतकं नितळ की तुझी जोडवी दिसत होती. मग तू विचारलंस, "वहिनी, तुला माझा राग येतो ना गं?"

"येतो."

"किती?"

"आत्ताचा विचारतेयस की एकूण?"

तू अशी हसलीस की पायऱ्यांवरचं कबुतर उडालं. लग्न झाल्यावर किती दिवस मला अहो-जाहो करायचीस, आठवतं? मग एकदा भांडताना चुकून "तू" म्हणालीस आणि तेच राहिलं. मला तेव्हा बरं वाटलं होतं. तुला बोलले नाही. "थांब, आता तुझा काढते," म्हणून तू मोबाइल घेतलास, तोच तो अंगठ्याचा फोटो. काल प्रिंट काढून आणलाय. अर्धा चेहरा दिसत नाही, पण उरलेल्या अर्ध्यात मी हसतेय. माझ्या बाकीच्या फोटोंत मी हसत नाही.

दुपारी जहाजावर परत. दोघे भाऊ केबिनमध्ये जाऊन घोरायला लागले. आपण वरच्या डेकवर आरामखुर्च्या पकडल्या, टॉवेल पसरले, थंड लिंबूपाणी मागवलं. आयुष्यात पहिल्यांदा मला असं वाटत होतं की आता कोणी काही मागणार नाही, कुठे काही करपणार नाही. संध्याकाळी कप्तानाचं जेवण होतं, सगळ्यांनी नटूनथटून यायचं. तू विचारलंस, "कोणती आणलीयस?"

"जांभळी. तू?"

"मोरपंखी. आईंची शेवटची म्हणून." मग गॉगल न काढता म्हणालीस, "वहिनी, एक सांगू? रागावणार नाहीस?"

"रागावणार."

"मला जी नको असायची ना, तिचंच मी कौतुक करायची."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. मी उठूनच बसले. "सगळ्या? पहिल्यापासून?"

"पहिली सोडून. पहिल्या वेळी ती मरून मला खरंच आवडली होती. तोंडातून निघून गेलं आणि तू लगेच उचललीस. लग्नाला महिना झाला नव्हता माझ्या. बाथरूममध्ये जाऊन रडले. मग शिकले."

अगं, काय संताप झाला माझा! पडद्यासारख्या साड्या जन्मभर नेसल्या मी, स्वतःच्या हाताने उचलून! ग्लास आपटला आणि चालायला लागले. म्हटलं, हिचं तोंड बघायचं नाही. पण जहाजावर रुसून जायचं कुठे? तो डेक गोल. तरातरा चालत गेले, जर्मन म्हातारे, पोहणारी पोरं, आइस्क्रीमवाला, सगळं ओलांडलं, आणि वळसा पूर्ण करून पुन्हा तुझ्याच पायांशी येऊन उभी. तू म्हणालीस, "आलीस? लिंबूपाणी गरम होतंय." मी दुसरा वळसा मारला. परत आले तेव्हा तू गाढ झोपल्याचं सोंग केलं होतंस आणि तुझं पोट हसण्याने हलत होतं.

मी सांगितलं, "मोरपंखी आण. आज मी नेसणार. तू जांभळी नेस, बघू कशी दिसतेस." तू निमूट उठलीस. आता साड्या बदलता येतात, ब्लाउज कुठून बदलणार? माझ्यात तुझ्यासारख्या दोन मावतील. मी मोरपंखी साडीवर जांभळा ब्लाउज घातला आणि तू जांभळीवर सतीशभावजींचा पांढरा शर्ट, खालून गाठ मारून, बाह्या दुमडून. मी आरशात पाहून मनात म्हटलं, आज जिंकले. जांभळी आणि वर पुरुषाचा शर्ट, आज बघतेच.

जिन्यावरून उतरलो. जहाजाचा फोटोग्राफर धावत आला, तुझ्याकडे. शेजारच्या टेबलावर झ्वोल्लेचं एक डच म्हातारं जोडपं होतं, त्यातली आजी तुझा पदर हातात घेऊन "मोई, मोई" करत बसली. आमचे अविनाश, ज्यांना घराला नवीन रंग दिलेला आठवड्याने कळतो, तेसुद्धा म्हणाले, "मंजू, फॅशन शोला चाललीयस की काय!" आणि मला, "तुझी ही नेहमीचीच ना?" मेली ती जांभळीसुद्धा तुला शोभली! माझी, मी उचललेली, तुला नको असलेली जांभळी! तेव्हा मला कळून चुकलं की रंगाचा काही संबंध नव्हताच. आई दोन गोणपाटं पाठवत्या तरी तुझंच छान दिसलं असतं. यावर माणसाने भांडायचं तरी कोणाशी?

जेवणानंतर आपण कठड्याशी उभ्या होतो. जहाज निघालं होतं, बेट मागे पडत होतं. तू तुझ्या खांद्यावरचा जांभळा पदर माझ्या खांद्यावर टाकलास, वारा होता म्हणून. मी विचारलं, "खरंच नको असायची तिचं कौतुक करायचीस? की मला चिडवायला सांगितलंस?" तू म्हणालीस, "थट्टा केली गं." मग माझ्या खांद्यावरचा पदर सारखा करत, "किंवा हे खोटं असेल. तूच ओळख." जांभळी तुझ्याकडेच राहिली, मोरपंखी माझ्याकडे. त्यानंतर प्रत्येक फोनवर मी विचारायचे, खरं काय ते सांग. दर वेळी "तूच ओळख." दिवाळीला विचारलं, संक्रांतीला विचारलं. हा आपला वाद चालूच राहणार, म्हातारपणापर्यंत पुरणार, असं मी धरून चालले होते.

त्याच थंडीत तुझं पोट दुखायला लागलं. हाउसआर्ट्सकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, गेलीस, मग तपासण्या, मग मोठं हॉस्पिटल, मग तो शब्द. उन्हाळा बघणं कठीण आहे असं डॉक्टरांनी सरळ सांगितलं. इकडे सरळच सांगतात. तुझी कॉट खाली हॉलमध्ये आणली, बागेच्या खिडकीशी, जिथे आईंच्या पिशव्यांचा सोफा असायचा तिथे. मी बॅग भरून राहायलाच आले. आणि तिथेही, मंजू, तिथेही जळले. अ‍ॅनेका यायची ती तुझी नखं रंगवायला. योगावाल्या यायच्या त्या मेणबत्त्या लावून गाणी म्हणायला. आणि उलटीचं भांडं धरायला, चादर बदलायला, अंग पुसायला मी. एकदा स्वयंपाकघरात बडबडलेच, "चांगलं चांगलं सगळं परक्यांना, नि वहिनीला हे." सतीशभावजी भांडी पुसत होते. म्हणाले, "वहिनी, ते ती दुसऱ्या कोणाला करू देत नाही. मलाही नाही." आणि पुसलेलंच ताट पुन्हा पुसायला लागले. मी सिंककडे तोंड करून नळ मोठा सोडला.

आणि मग ती दुपार. भावजी औषधं आणायला गेले होते, ईशा मास्ट्रिख्टहून निघाली होती, गाडीत होती. तू उशीला टेकून बसली होतीस, बरी वाटत होतीस. मी तुझी वेणी घालत होते. तू एकदम म्हणालीस, अगदी त्या सुरात, साडीवरून हात फिरवताना काढायचीस त्या सुरात, "खरं सांगू वहिनी? माझंच बरंय. बघ ना, अहेव जाणार. केस काळे असताना. गुडघे बदलायला नकोत, कवळी नको. सगळे म्हणतील, काय भाग्याची! तू बस म्हातारी होत. मला तर हेच सुरेख वाटतं बाई."

माझा हात वेणीत थांबला. त्या सुराला मी जन्मभर फसले होते. म्हटलं, "गप बस. मला आता फसवू नकोस. तुला जे नको असतं त्याचंच तू कौतुक करतेस."

तू हसलीस. हसता हसता खोकला लागला, मी पाठ चोळली, पाणी दिलं. खोकला थांबला आणि हसणंही थांबलं. माझा हात धरलास, तुझ्या त्या लाल रंगवलेल्या नखांनी, आणि म्हणालीस, "ओळखलंस शेवटी."

एवढंच. मी वेणी पुरी केली, रबर लावलं. तू म्हणालीस, "घट्ट झाली." मी सोडून परत घातली.

तेव्हा आज सुमनमावशी "भाग्याची" म्हणाल्या आणि माझं डोकं का फिरलं, ते तुला कळेल. कोणाला हवं होतं ते भाग्य? तुला विचारलं होतं का कोणी? तुला म्हातारं व्हायचं होतं. तुला गुडघे बदलून हवे होते, कवळी हवी होती, ईशाच्या लग्नात माझ्याशी मानपानावरून भांडायचं होतं. जे मला मिळणारंय ना मंजू, ते सगळं तुला हवं होतं. जन्मात पहिल्यांदा माझ्या वाट्याला अशी गोष्ट आली जी बघून तू जळलीस, आणि मला ती मिरवता येत नाही.

शेवटचं सांगते. तू गेलीस त्या सकाळी भावजींचा फोन आला. रात्रीच मला त्यांनी बळेच घरी पाठवलं होतं, थोडं झोपा म्हणून. निघताना मी कपाटातून मोरपंखी काढून पिशवीत टाकली. का, ते माझं मला ठाऊक नव्हतं. तिकडे मावशींचा फोन आधीच येऊन गेला होता, अहेव बाईला हिरवं नेसवा म्हणून. तुझ्या कपाटापुढे ईशा उभी होती, रडून डोळे सुजलेले. सगळी दारं उघडी, आतल्या सगळ्या साड्या, ज्यांच्यावर मी जन्मभर डोळा ठेवला त्या सगळ्या, एका ओळीत. बाजूला अंत्यविधीचं बघणारी डच बाई अदबीने थांबलेली. ईशा म्हणाली, "काकू, यू पिक. आई नेहमी म्हणायची, काकू पिक्स फर्स्ट."

पोरीला काय माहीत ती काय बोलली! मी पिशवीतून मोरपंखी काढली. हिरव्यात निळं, निळ्यात हिरवं, मावशींच्या शास्त्रालाही चालेल अशी. तुझी होती ती, मी जहाजावर हिसकावलेली. निऱ्या मी घातल्या, पदर मी लावला, कुंकू मी लावलं. त्या डच बाईला पदर कसा धरायचा ते दाखवलं, तर तीही हळूच म्हणाली, "मोई." म्हणजे अगदी तेव्हासुद्धा! मी म्हटलं, हो गं बाई, ठाऊक आहे मला.

जांभळी ईशाने माझ्या हातात दिली. ती आता इथे खुर्चीवर आहे, तुझ्या अत्तराचा वास येतोय तिला. कायदा आईंचा होता, मंजू: आधी मोठीने उचलायची. जन्मभर तू माझ्याआधी पिशवीची गाठसुद्धा सोडली नाहीस. हे जाणं, ही एकच गोष्ट मला न विचारता आधी उचललीस, आणि तीही तुला नको असलेली.